एक पिक, दोन वाद्यं

खामगाव-चिखली रस्त्यावरच्या उंद्रीत माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि बऱ्याच वर्षांपासून मी आत्याच्या गायन पार्टीत मेंडोलिन वाजवते. गिटारही मीच वाजवते, कारण आमचा गिटारवाला कामाला म्हणून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. साठी उलटली तरी माईक बंद पडला तर तिचं अडत नाही. लग्न असो, बारसं असो, नाहीतर विहारातला वर्षावासाचा कार्यक्रम, बोलावणं आलं की ती नाही म्हणत नाही आणि आम्हालाही म्हणू देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका कार्यक्रमानंतर तिनं मला बाजूला घेतलं.

"तुह्या मेंडोलिनमधून काय टकटक आवाज येऊन राह्यला वं? सुरापेक्षा टकटकच जास्त ऐकू येते."

"पिक पार घासली, आत्या."

"मंग चांगली घे ना. दरवेळेस ते हलकं प्लास्टिक कायले आणतं?"

पिक म्हणजे तारा छेडायची तिकोनी चकती, अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची. शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी. ती निवडण्यात माझे दोन महिने जातील असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

अडचण साधीच होती. मेंडोलिनच्या तारा जोडीजोडीनं आणि कडक ताणलेल्या असतात. स्वर लांबवायचा तर पिक भराभर वर-खाली फिरवावी लागते, त्याला जाड, न वाकणारी पिक हवी. गिटारवर मात्र सहाही तारांवरून हात फिरवायचा असतो, तिथं जाड पिक अडकते. मी एका गाण्याला मेंडोलिन घेते, दुसऱ्याला गिटार. मध्ये आत्या दोन शब्द बोलते तेवढ्यात वाद्य बदलायचं. त्यात पिकही बदलायला गेलं की एक हमखास सतरंजीवर पडते आणि सापडत नाही. म्हणून मला एकच पिक पाहिजे होती, पण दोन्हीला चालणारी, भारीतली.

अस्तर आणायला मी खामगावला जातेच. तिथल्या वाद्यांच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं बरणी काचेवर उपडी केली. लाल, हिरव्या, पिवळ्या, सगळ्या सारख्या.

"यापेक्षा भारी नाहीत का?"

"या चालतात ना ताई. कोणता रंग देऊ?"

"रंग नको हो, जाडी सांगा."

"जाडी?" त्यानं एक पिक डोळ्यांजवळ नेली. "नॉर्मल आहे."

मी तणतणत बाहेर पडले आणि उंद्रीच्या गाडीत बसल्यावर आठवलं, अस्तर घ्यायचंच राहिलं.

मग मोबाईलवर शोध सुरू झाला. कोणी सांगे दीड मिलिमीटरची घ्या, कोणी म्हणे तिनं गिटारची वाट लागते. कोणाला टोक गोल पाहिजे, कोणाला अणकुचीदार. व्हिडिओतला माणूस तीन पिकांनी एकच सूर वाजवून विचारायचा, फरक कळला का? माझ्या मोबाईलवर तिन्ही सारख्याच वाजायच्या. समोर गिऱ्हाईक गळ्याचं माप सांगत असायचं आणि मी पिकच्या कडेचा फोटो मोठा करून बघत असायचे. अशात एका ब्लाउजच्या बाह्या मी उलट्या जोडल्या. उसवताना कात्रीही हातातून सुटली. कात्रीची धार गेलीय असं वाटून ती पुन्हा धारवाल्याकडे दिली. त्या महिन्यातली ती दुसरी वेळ.

शेवटी सगळ्यांत महागडी मागवली. डबीत डबी, तिच्यात मखमल, आणि मखमलीवर पिंपळाच्या पानासारखी पातळ पिक. मी मागवलेली जाडी ती नव्हतीच. तक्रार केली तर उत्तर आलं, पाकीट उघडल्यामुळे वस्तू परत घेता येणार नाही. न उघडता जाडी कशी कळावी, हे मी तीनदा लिहून विचारलं. तीनदा तेच उत्तर आलं.

मी पुन्हा मागवली. हट्टालाच पेटले होते. या वेळी बरोबर आली, तपकिरी, जाड, कडा गुळगुळीत घासलेल्या. मेंडोलिनवर पहिला सूर काढला आणि खरंच टकटक गेली होती. सूर भरून आला. पण दहा मिनिटांत पिक बोटांत फिरायला लागली. घाम असेल म्हणून मी बोटांना पावडर लावली.

पुढच्याच आठवड्यात हिवरा आश्रमाजवळच्या एका गावात दुपारचं लग्न होतं. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्याला गिटार घेतली, आणि कडव्याच्या मध्यावर पिक सुटून थेट गिटारच्या पोटात पडली. मी गिटार उलटी करून हलवली. आतून खुळखुळा वाजायला लागला. पुढच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आत्या ढोलकीवर गात राहिली, पण मान वळवून तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. उरलेलं गाणं मी नुसत्या अंगठ्यानं वाजवलं. वाजून संपलं तेव्हा अंगठ्याची कातडी सोलली होती, आणि ते मला दिसलं म्हणून कळलं.

परतताना गाडीत मी पिकवाल्यांना शिव्या देत होते. आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाखव तुहा हात."

तिनं सोललेल्या जागेवर बोट दाबलं. "दुखते?"

"नाही."

अजून जोरात दाबलं. "आता?"

"काहीच नाही, आत्या."

"मंग पिकले काऊन बोल लावून राह्यली वं? तुह्या अंगठ्यात जीव नाई."

सकाळी उठल्यावर हाताला मुंग्या यायच्या, चहाचा कप डाव्या हातानं धरायची सवय लागली होती, हे सगळं मला माहीत होतं. चिखलीच्या डॉक्टरांनी मनगट वाकवून बघितलं आणि सांगितलं, नस दबली आहे, कात्री चालवून चालवून. झोपताना पट्टा बांधा, काम कमी करा, आणि छोटं ऑपरेशन करून घ्या, उशीर केला तर ताकद परत येणं अवघड. मला स्वतःचाच असा संताप आला की दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसले. दोन महिने मी प्लास्टिकची जाडी वाचत होते. हाताकडे बघायला दोन मिनिटं काढली नव्हती.

तरी ऑपरेशन मी पुढं ढकललं. लग्नसराई होती, कपड्यांचे ढीग पडले होते, आणि पार्टीची बोलावणी होती. पट्टा बांधून वाजवू लागले. लांब सूर निघेनात म्हणून तुटक वाजवायचे. आत्यानं असे दोन कार्यक्रम चालवून घेतले.

मग एका सकाळी ती दुकानात आली आणि कापडाच्या गठ्ठ्यावरच बसली.

"पुढचे तिन्ही कार्यक्रम नाही म्हणून सांगितले म्या."

"तू? नाही म्हणाली?"

"हाव. मेंडोलिनबिगर मी गात नाई म्हटलं. आता तू दवाखान्यात जातं का मी इथंच बसून राहू?"

आत्यानं सुपारी नाकारलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मला रडूही आलं आणि रागही, आधी विचारायचं तरी होतं. मशीन थांबवून मी डॉक्टरांना फोन लावला. फोन व्यस्त होता. आत्या उठली नाही. मी पुन्हा लावला.