काळी वायर

आमच्या ह्यांना गाडीचं बोलणं कळतं, बायकोचं नाही. चाळीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतात. घराला लागून पत्र्याची शेड आहे, आणि तिच्यात शिरले की ह्यांना कान नसतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाका मारमारून म्हातारी झाले! पण हाताला गुण आहे, ते मी कुणालाही सांगेन.

त्यांची एक सवय आहे. बॉनेट उघडलं की आधी खिळ्यावरची काळी वायर काढायची. दोन हात लांब, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा पुढे रेडिएटर जिथं बसवलेला असतो त्या पट्टीला. "आधी अर्थिंग पक्कं, मग हात," असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. वायरही उस्तादांचीच. घरात शिरताना आपण चपला काढतो तशी हे ती वायर लावतात. लावल्याचं त्यांना कळतसुद्धा नाही.

समोरच्या घरात मास्तर राहतात. गणिताचे मास्तर, आता रिटायर. त्यांची बायको गेल्यापासून एकटेच. ह्यांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती, चहा रोज आमच्याकडे. मास्तरांचे थोरले भाऊ चढापलीकडच्या शुश्रूषागृहात असतात. त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. मास्तर दर रविवारी गाडी काढून जातात, दादांचा हात धरून बसतात आणि येतात. मला एकदा म्हणाले, "वहिनी, वडिलांचं असंच झालं, दादाचं असंच झालं. आता रांगेत मीच." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" आणि त्यांचा कप पुन्हा भरला.

तर या मास्तरांची गाडी चढावर तापायला लागली. गाडी तापली की रेडिएटरमागचा पंखा आपोआप फिरायला हवा, तो फिरेना. काटा लाल खुणेवर गेला की मास्तर घाबरून गाडी बाजूला घ्यायचे, अर्धा तास थांबायचे आणि सावकाश आमच्याकडे यायचे. ह्यांनी बॉनेट उघडावं, इंजिन चालू ठेवावं, की पाच मिनिटांत पंखा भणाण सुरू!

पहिल्या वेळी ह्यांनी फ्यूज आणि पंख्याला वीज जोडणारा रिले बदलला. दुसऱ्या वेळी तो सेन्सर, जो पंख्याला 'आता फिर' म्हणून सांगतो. तिसऱ्या वेळी पंख्याची मोटरच नवी. दर वेळी शेडमध्ये पंखा झकास चालायचा, आणि रविवारी मास्तर उतरलेल्या चेहऱ्यानं परत. त्यांनी एक वही केली होती. तारीख, वेळ, काटा कुठे, पंखा बंद. गणिताचा माणूस, दुसरं काय करणार?

चौथ्या वेळी ह्यांचं डोकं फिरलं. पंखा समोर फिरत होता आणि मास्तर म्हणत होते, चालत नाही. हे ओरडले, "मास्तर, गाडीत काही नाही! तुमच्याच डोक्यात काहीतरी झालंय!"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक. गाडी बंद करून किल्ली काढली आणि शेडमधल्या टेबलावर ठेवली. "तुझ्याकडेच असू दे. दादाचंही असंच सुरू झालं होतं. नसलेलं दिसायचं," म्हणाले आणि गेले.

मी ह्यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही. जेवायला वाढलं, पण ताट आपटून वाढलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तर समोर आपल्या फाटकापाशी उभे, डोळे मिटून ओठ हलताहेत. नीट कान दिला. एकोणतीसचा पाढा म्हणत होते! संपला की पुन्हा पहिल्यापासून. अहो, तो माणूस स्वतःची परीक्षा घेत होता. रविवारी ते दादांकडेही गेले नाहीत. मला रडूच आलं.

इकडे हेही चक्रावलेले. रोज गाडी चालू करायचे, पंख्याकडे बघत उभे राहायचे, पुन्हा बंद करायचे. "मास्तर खोटं बोलणार नाहीत," असं म्हणायचे, आणि लगेच, "पण पंखा तर चालतोय!" मला म्हणाले, "अगं, माझंच काही चुकतंय का?" मला काय कळतंय त्यातलं? माझ्या तर डोक्याचा भुगा झाला होता. खरं कोण आणि भ्रम कुणाला, हेच समजेना.

सोमवारी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. गाडी चालू, पंखा फिरतोय, हे नेहमीसारखे बघताहेत. कप ठेवायला वाकले आणि माझी बाही त्या काळ्या वायरीच्या चिमट्यात अडकली. मी दिला हिसका. बाही टर्रकन फाटली, चिमटा बॅटरीवरून निघाला, आणि पंखा बंद!

"काय केलंस?" हे ओरडले.

"मी काय केलं? तुमच्या वायरीनं माझी चांगली बाही फाडली!"

ह्यांनी चिमटा परत लावला. पंखा सुरू. काढला. बंद. पुन्हा लावला. सुरू. तोंड उघडंच. मग म्हणाले, "अगं, पण ही वायर गाडीची नाहीच. ही माझी आहे." आणि मटकन स्टुलावर बसले.

मग मला समजावून सांगितलं. वीज पंख्यात जाते तशी तिला बॅटरीकडे परत यायलाही वाट लागते. या गाडीत ती वाट पुढच्या पट्टीतून, एका बोल्टातून जाते. बोल्ट वरून रंगवलेला, छान दिसणारा, पण आतून गंजून गेलेला. परतीची वाटच बंद. ह्यांची वायर शेडमध्ये ती वाट जोडून द्यायची, आणि काम झालं की हे ती काढून खिळ्याला टांगायचे. म्हणजे बिघाड शोधायच्या आधीच हे स्वतःच्या हातानं तो झाकत होते. चारही वेळा!

हे उठले. "बोल्ट घासतो आणि किल्ली देऊन येतो."

"खबरदार बोल्टाला हात लावाल तर!" मी म्हटलं. "दुरुस्त गाडी बघून त्यांना काय कळणार? तुम्ही मन राखायला सांगताय असंच वाटेल. बिघाड आहे तसा ठेवा आणि आधी त्यांना आणा."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझं ऐकलं.

मास्तर यायलाच तयार नव्हते. हे त्यांना हात धरून घेऊन आले. गाडी चालू केली, वायर लावली, पंखा फिरू लागला. मास्तर मान खाली घालून म्हणाले, "दिसतंय मला. चालतोय. कशाला पुन्हा पुन्हा..."

"मास्तर, तो चिमटा काढा. तुमच्या हातानं."

मास्तरांनी चिमटा काढला. पंखा थांबला. हळूहळू काटा चढायला लागला, मधल्या खुणेच्या वर, मग लाल खुणेपर्यंत. तिघंही काचेतून बघत होतो. मास्तरांनी चिमटा लावला, पंखा सुरू. काढला, बंद. असं त्यांनी पाच वेळा केलं.

"म्हणजे मी पाहिलं ते खरंच होतं?"

"खरं होतं, मास्तर. पहिल्या दिवसापासून. डोकं माझं ठिकाणावर नव्हतं."

मास्तरांनी गाडी बंद केली आणि किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लिहून दे."

ह्यांनी जन्मात कधी साधी पावती लिहिलेली नाही. रिलेचं रिकामं खोकं फाडलं आणि त्याच्या आतल्या बाजूला लिहिलं, "काटा लाल होत होता. पंखा बंद होता. मास्तरांनी बरोबर पाहिलं. चूक माझी."

मास्तरांनी दोनदा वाचलं आणि तुकडा परत दिला. "तारीख राहिली."

ह्यांनी तारीख घातली आणि बोल्ट घासून पक्का केला. मास्तरांनी तो तुकडा खिशातल्या आपल्या वहीत घडी घालून ठेवला आणि टेबलावरची किल्ली उचलली.

"रविवारी दादाला वाचून दाखवीन," म्हणाले. "त्याला कळायचं नाही. पण दाखवीन."