टेक्यांशिवायचा चर

निविदेतली माणसं आधी कागदावर भेटतात, आणि कागदावर सगळेच सज्जन असतात. अकोल्याच्या जुन्या शहरात गटाराची लाइन टाकायची होती. ठेकेदार निवडणाऱ्या समितीत मी होते आणि एक अट मीच हट्टाने घालून घेतली होती. दराचं पाकीट उघडण्याआधी प्रत्येकाचं चालू काम बघायचं, मजुरांच्या जिवाची काळजी घेतो का ते बघायचं. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, तुम्हाला उन्हात हिंडायची हौसच आहे." होतीच.

अर्जदारांत नांदगाव खंडेश्वरचे एक काका होते, माझ्या माहेरचे, लहानपणापासून ओळखीचे. त्यांचं काम अमरावतीजवळ चालू होतं. हेल्मेटं नवी कोरी. एकावरचं तर प्लास्टिकही निघालं नव्हतं. पण चर पुरुषभर खोल आणि कडांना एकही टेका नाही. खाली दोन मजूर वाकून पाइप बसवत होते.

"काका, फळ्या-टेके कुठी हायेत?"

"काळी माती हाय बाई. भिंतीसारकी उभी रायते. टेके कायले पायजेत?"

आम्हा वऱ्हाडातल्या सगळ्यांनाच असं वाटतं. उन्हाळ्यात ही माती खरंच ताठ उभी राहते, म्हणून भरवसा बसतो. पण आत भेगा असतात, आणि दरड सांगून सुटत नाही.

काकांचा मुलगा शेजारीच होता, नुकताच इंजिनीअर होऊन वडिलांच्या हाताखाली आलेला. मी म्हटलं, "मंग याले उतरवा खाली. लेव्हल पाहू द्या."

"त्याले कायले?" काका चटकन बोलून गेले. मग त्यांनीच मजुरांना वर बोलावलं.

मी त्यांना अपात्र ठरवलं. माहेरी बोभाटा झाला. बाबा म्हणाले, "गावच्या मानसाले पाडलं तुनं." हो, पाडलं. वाईट वाटलं, पण सही करताना हात अडला नाही.

पुढच्या निविदेत काका पुन्हा आले. पाहणीला गेले तर चराच्या दोन्ही बाजूंना फळ्या, मध्ये आडवे टेके, उतरायला शिडी. खाली मजुरांच्या बरोबरीने त्यांचा मुलगा लेव्हल पाहत होता.

"ये पोरी," काका म्हणाले, "आता तूबी उतर."

पदर खोचून मी शिडी उतरले. नोकरी लागली तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.