दोन सह्यांचा राजीनामा

भाईसाब आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकाने तो सावकाश पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि मगच तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे बघायचे. तोवर त्याचा निम्मा राग उतरलेला असे. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांच्याकडे एक ठरलेला प्रश्न होता.

"नहीं है, वो तो सुन लिया. छै कांई?"

छै कांई म्हणजे आहे काय. ही जयपूरच्या बाजूची बोली. एरवी ऑफिसात स्वच्छ हिंदी बोलणारे भाईसाब या दोन शब्दांपुरते आपल्या गावी जाऊन यायचे. खुर्ची नाही, वायर नाही, दूध नाही, असं काहीही सांगा, उत्तर तेच. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. सुरुवातीला त्याचा वैताग येतो, आणि नंतर तो रजेवर गेला की कुणाला काही सुचत नाही.

प्रताप नगरातल्या आमच्या शाखेत ते प्रशासन बघायचे. म्हणजे किल्ल्या, पंखे, पाणी, खुर्च्या आणि माणसांची भांडणं. कंपनीचं काम परदेशातल्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळायचं, त्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं. मी साताऱ्याची, लग्नानंतर जयपुरात आले आणि एका टीमची प्रमुख झाले. दुसऱ्या टीमचा प्रमुख सौरभ, इथलाच, झोटवाड्याचा. गोड बोलणारा आणि मनासारखं झालं नाही की लगेच वर मेल पाठवणारा. खरं सांगायचं तर मेल मीही पाठवायचे, फक्त गोड बोलायचे नाही.

एका एप्रिलमध्ये आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. मागे उरलं एकच, बुटांचं दुकान. निम्मी माणसं कमी झाली. उरलेल्या आम्हा वीस जणांना मुख्य ऑफिसने दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर अर्ध्या जागेत, अर्ध्या खर्चात काम नीट करून दाखवा, नाहीतर शाखा बंद. माझ्या नवऱ्याचं काम त्याच्या आदल्याच महिन्यात सुटलं होतं. मानसरोवरचं भाड्याचं घर आणि मुलीची शाळा माझ्या एकटीच्या पगारावर चालली होती. त्यामुळे शाखा बंद म्हणजे आमच्या घरी काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी भाईसाबांनी चष्मा जरा जास्त वेळ पुसला. मग वरचे दोन्ही मजले रिकामे करून आम्हा सगळ्यांना तळमजल्यावर, जुन्या कँटीनमध्ये आणलं. भिंती नव्हत्या, तर स्टीलची उंच कपाटं पाठीला पाठ लावून उभी केली. एका लॅपटॉपचा स्क्रीन गेलेला, दुसऱ्याचा कीबोर्ड. "इन दोनों की शादी करा दो," म्हणाले. ते लग्न टिकलं. तीन मोडक्या खुर्च्यांतून त्यांनी दोन चांगल्या केल्या, असा त्यांचा दावा होता. त्यातली एक माझ्या वाट्याला आली आणि पुढचे कित्येक महिने मी आयुष्याकडे थोडं डावीकडे झुकून पाहिलं.

एसी परवडत नव्हता. मग वाळ्याच्या जाळ्यांचा एक जुना कूलर निघाला. आठवडाभर भाईसाबांनी ऊन कुठल्या वेळी कुठे येतं ते पाहिलं आणि फरशीवर खडूने खुणा केल्या. दुपारी दोन वाजले की आम्ही सगळे उठून टेबलं सावलीकडे ढकलायचो, बोलणं चालू असलेले फोन कानाला लावूनच. सगळंच काही त्यांना जमलं असं नाही. दोन बिघडलेल्या किटल्यांची एक करायला गेले आणि अख्ख्या मजल्याची वीज घालवून बसले. तेव्हाही अंधारात आवाज आला, "छै कांई? मोमबत्ती?"

पण वीस माणसांत दोन प्रमुख हे मात्र त्यांना बसवता येईना. टीम एकच होणार होती. तिचं कोण बघणार यावरून माझं आणि सौरभचं रोज वाजायचं. मी सांगितलेलं काम तो थांबवायचा, त्याने लावलेली पाळी मी बदलायचे. बुटांच्या दुकानाकडूनही कुरकुर सुरू झाली. तेव्हा एका संध्याकाळी भाईसाब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मैडम, बहुत हो गया. कल आपका राजीनामा करा देते हैं."

"मेरा?"

"आपका और सौरभजी का. मेल मत करना, कागज पर लिखकर लाना. दोनों के दस्तखत चाहिए मुझे, एक ही कागज पर."

म्हणजे दोघांनाही घालवणार! आणि तेही एकाच कागदात. राजीनाम्यातसुद्धा कागद वाचवणारा माणूस, असं मनात म्हणत मी पर्स उचलली. घरी जाईपर्यंत रडू आवरलं होतं, दार उघडल्यावर आवरलं नाही.

"लिहून टाक," नवरा शेवटी म्हणाला. "त्यांनी काढण्यापेक्षा आपण सोडलेलं बरं."

"आई, मतलब तू आता घरीच राहणार?" मुलीने विचारलं. तिला आनंदच झाला होता. त्याने मला आणखी रडू आलं.

सकाळी मी माझ्या शाळकरी हिंदीत लिहून नेलं. वर ठळक अक्षरांत विषय घातला, राजीनामा. खाली, अपनी मर्जी से नौकरी छोड़ रही हूँ. मर्जी हा शब्द लिहिताना पेन दोनदा थांबलं.

भाईसाबांच्या टेबलाशी सौरभ आधीच हजर होता. पुढ्यात गरम कांद्याच्या कचोऱ्यांचा पुडा, तेलाने पारदर्शक झालेला. नोकरी जायच्या दिवशी कचोऱ्या आणणारा हा कसला निर्लज्ज माणूस, असं मला वाटलं. मी कागद टेबलावर ठेवला. भाईसाबांनी चष्मा न पुसताच वाचला.

"यह क्या है?"

"राजीनामा. आपने ही तो माँगा."

"यह तो इस्तीफा है, मैडम!"

"वही तो!"

"वही कैसे? राजीनामा तो सुलह को कहते हैं. झगड़ा खत्म, दोनों राजी."

मी सौरभकडे पाहिलं, त्याने कचोऱ्यांकडे. आठ वर्षं या गावात राहून मला हे माहीत नव्हतं. ऑफिसात नोकरी सोडणारा प्रत्येक जण 'रिजाइन' करायचा, त्यामुळे हा शब्द कधी कानावरच पडला नव्हता. आणि आमच्याकडे राजीनामा द्यायला एकटा माणूस पुरतो.

हे कळल्यावर सौरभ हसून हसून खुर्चीतून घसरला. भाईसाब अजिबात हसले नाहीत. "रात को सोई नहीं होंगी आप," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. मग त्यांनी माझा कागद उलटा केला. पाठची बाजू कोरी होती. तिच्यावर त्यांनी चार ओळी लिहिल्या. सकाळचं काम मॅडम बघतील. परदेशी गिऱ्हाइकाशी सौरभजी बोलतील. प्रमुख म्हणून वर नाव मॅडमचं जाईल. दुसऱ्याला दाखवल्याशिवाय कुणी मेल पाठवणार नाही. दोघांनी सह्या केल्या. मी माझं पत्र परत मागितलं, तर म्हणाले, "अब कैसे दूँ? पीछे राजीनामा है." कचोऱ्या तोवर गार झाल्या होत्या, तरी मी दोन खाल्ल्या. तसा हलका घास त्या उन्हाळ्यात दुसरा गेला नाही.

भाईसाब गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि गावी गेले. आता ऑफिसात नव्या खुर्च्या आहेत, सरळ बसवणाऱ्या. तरी त्यांचा विषय निघाला की मला दिवाळीच्या तोंडावरची ती दुपार आठवते.

मुख्य ऑफिसचा मेल साडेबाराला आला. शाखा राहणार, कुणालाही काढणार नाहीत. मेल भाईसाबांना आला होता आणि त्यांनी तो आम्हाला पुढे पाठवला होता. प्रत्येक मेलवर चार सूचना लिहिणाऱ्या माणसाने या मेलवर एक शब्दही लिहिला नव्हता. आम्ही आधी ओरडलो, मग एकमेकांच्या पाठी थोपटल्या, मी नवऱ्याला फोन केला. त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की भाईसाब जागेवर नाहीत.

ते सामानाच्या खोलीत सापडले. जुने पडदे अंथरून, बूट काढून नीट जोडीने ठेवून, ते कुशीवर झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा मुठीत. आमच्या आरडाओरड्याने त्यांची झोप चाळवलीसुद्धा नव्हती. सहा महिने हा माणूस आम्हाला आहे काय ते मोजायला लावत होता. तोही आमच्याइतकाच घाबरला असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

सौरभ त्यांना उठवायला वाकला, तेव्हा मी त्याचा हात धरला. आम्ही दार अलगद ओढून घेतलं. त्या दुपारी वीसच्या वीस माणसं फोनवर कुजबुजत बोलत होती. चुकीच्या मापाचे बूट मिळालेल्या एका बाईंनी सौरभला काळजीने विचारलं, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?

"नाही हो," तोंडावर हात धरून सौरभ त्यांना इंग्रजीत म्हणाला, "आमचे भाईसाब झोपलेत."