मधला स्पीकर

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यावर गोरक्षनानांनी एकच हौस पुरवून घेतली. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे दोन स्पीकर उभे केले आणि त्यांच्या समोर, अगदी मधोमध, स्वतःची खुर्ची मांडली. त्या खुर्चीत बसलं की गाणारी बाई थेट पडद्यातून गातेय असं वाटायचं.

"नाना, सिनेमासाठी मध्ये एक सेंटर स्पीकर लावा," त्यांची मुलगी हर्षाली म्हणायची. "बोलणं स्पष्ट येतं."

"चांगले दोन असले की तिसरा लागत नाही," नाना म्हणत. विषय तिथंच मिटे.

त्यांच्या बायकोचे, मालनबाईंचे, गुडघे धरलेले. त्यांना उंच दिवाण बरा पडे, आणि दिवाण होता खिडकीशी, डाव्या स्पीकरला लागून. सिनेमा सुरू झाला की त्या विचारत, "काय म्हणाला हो तो?" आधी आधी नाना सांगत, पुढं खेकसू लागले. डॉक्टरांनी कान तपासून ठणठणीत सांगितले, तरी नानांचं आपलं "वय झालं तुझं." मग मालनबाईंनी विचारणंच सोडलं.

दिवाळीनंतर हर्षालीचे सासरे चिमाजी दिंडोरीहून आले. व्याह्यांना मान म्हणून नानांनी आपली खुर्ची दिली आणि स्वतः दिवाणावर मालनबाईंशेजारी बसले. सिनेमा लागला.

"लय भारी आवाज हाय, नाना!" चिमाजी खूश झाले.

नानांना मात्र सगळा सिनेमा डाव्या स्पीकरमधूनच येत होता. माणसं ओठ हलवत होती, शब्द संगीतात बुडत होते. त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"मला काय ठाऊक?" मालनबाई म्हणाल्या. "मी कधीपासून नुसती चित्रंच बघते."

व्याही गेल्यावर बाजारातून नानांनी आडवा सेंटर स्पीकर आणला. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं त्याची वायर लावायची जागा पहिल्यापासून होतीच, धूळ खात. टीव्हीखाली ठेवून वायर जोडली आणि मालनबाईंची मालिका लावली. आता दिवाणावरूनही बोलणं पडद्यातूनच येत होतं.

मालनबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. "ही सून लबाड आहे," शेवटी म्हणाल्या. "बोलण्यावरून कळतंय. मी तिला गरीब समजत होते."

"कान चांगले आहेत तुझे," नाना म्हणाले.

"मी तेच सांगत होते."

गाणी ऐकताना नाना अजूनही मधला स्पीकर बंद ठेवतात. मालनबाईंची हरकत नसते. संध्याकाळी रिमोट त्यांच्याकडे असतो.