होडीवाले आमदार

दीनानाथ वळवी ऊर्फ आबा पाच वर्षं आमदार होते आणि पाचही वर्षं त्यांनी एकच गोष्ट मागितली: होडी. शेजारच्या बाकांवरची मंडळी साखर कारखाना मागत, सूतगिरणी मागत, गेला बाजार एखादं महामंडळ तरी मागत. आबा बोलायला उठले, की मागून कुणीतरी हळूच वल्हं मारल्याची खूण करी आणि सभागृह हसे. 'होडीवाले आमदार' हे नाव असं चिकटलं. आबांना त्याचं काही नव्हतं. सातपुड्याच्या पार उत्तर टोकाला, धरणाच्या फुगवट्याकाठी भिल्ल-पावऱ्यांची गावं डोंगरावर अडकून पडलेली. रस्ता नाही. बाई अडली, तर चार माणसं तिला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवणार. तिथं दवाखान्याची होडी हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटच्या वर्षी होडी मिळाली. तिच्यात सुचित्राबाई नावाच्या नर्स बसल्या, होडी फिरू लागली, आणि पुढच्याच निवडणुकीत आबा पडले.

पाडलं कुणी? प्रल्हाद गावितनं. आबांनीच बोट धरून राजकारणात आणलेला, त्यांच्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्लेला हा गडी. आबांना तो 'भाऊ' म्हणे. प्रचारात सांगायचा, "भाऊंची लेक आयर्लंडला डॉक्टर आहे. उद्या भाऊही तिकडंच जातील. तुम्ही काय विमानानं गाऱ्हाणी घेऊन जाणार?" त्यावर आबा भर बाजारात गरजले होते, "हे डोंगर सोडून मी मसणातसुद्धा जाणार नाही!"

मसणात नाही गेले. आयर्लंडात, एनिसला गेले.

महिनाभरासाठी म्हणून २०२०च्या फेब्रुवारीत लेकीकडं, उल्काकडं, उतरले. मार्चात जगाला कुलूप लागलं. पुढं विमानं सुरू झाली, तेव्हा उल्कानं बापाची छाती तपासली, मान हलवली आणि त्यांचा पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या कपाटात, तिच्या भाषेत 'प्रेस'मध्ये, डाळींच्या डब्यांमागं ठेवून दिला.

जावई हृषीकेश पुण्याचा. शॅननच्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या बनवणारा इंजिनिअर. आबांनी त्या घराचंच सभागृह केलं.

"जावईबापू, आमटीत मीठ नाही. शासन काय करत आहे?"

"माहिती घेऊन पटलावर ठेवतो, आबा."

परसातल्या भिंतीपलीकडं ब्रीजी राहायची. ऐंशीच्या घरातली, जिभेची तिखट. माहेर पार उत्तरेला, डॉनेगलच्या समुद्रातल्या एका बेटावर. घरची भाषा आयरिश, इंग्रजी शाळेत शिकलेली. आबांचं इंग्रजीही शाळेतलंच आणि पुढं सरकारी कागदांवर वाढलेलं, त्यामुळं दोघांचं जमलं. ती त्यांना 'मिनिस्टर' म्हणे. भिंतीशी तासतासभर काय चालतं, यावर गल्लीत थोडी कुजबुजही होती. ब्रीजीचा नवरा मार्टिन मात्र खिडकीतून पाहून हसायचा, म्हणजे बिचारा निर्धास्त होता. चालायची ती चर्चा बेटाची. समुद्र खवळला की डॉक्टर नाही, पाव नाही, टपाल नाही. "युरोपातसुद्धा?" असं विचारताना आबांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

२०२१च्या जानेवारीत सुचित्राबाईंचा फोन आला.

"आबा, होडी काठाला बांधून ठेवलीय. दिवाळीपासून इंजिन बंद. अर्ज करून थकले, नुसतं 'बघतो' म्हणतात." मग आवाज खाली गेला. "काल उंबरमाथ्याच्या पोरीला झोळीतून आणली. पोर वाचली. बाळ गेलं."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मीठ कमी होतं की जास्त, हेही बोलले नाहीत.

मार्चात अधिवेशन होतं. विषय सभागृहात गाजला तर होडी हलणार, नाहीतर तिथंच कुजणार. आबांनी जुन्या सोबत्यांना फोन लावले. सगळ्यांनी तब्येतीची चौकशी केली, आयर्लंडची थंडी विचारली आणि शेवटी म्हणाले, "दीनानाथराव, दुसऱ्याच्या मतदारसंघात आम्ही नाक कसं खुपसणार?" मतदारसंघ कुणाचा? प्रल्हादचा.

"करा की मग त्यालाच फोन," उल्का म्हणाली.

"त्याला? हसेल तो. म्हणेल, बघा, गेलाच की म्हातारा विमानानं!"

"हसू दे ना."

"उल्के, जीभ झडेल माझी."

"ती झडायची नाही, आबा. आम्ही वर्षभर ऐकतोय."

असे दिवस गेले. आबा फोन हातात घेत, चष्मा पुसत आणि फोन खाली ठेवत.

फेब्रुवारीत मार्टिन गेला. प्रार्थनेला चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी. म्हणून तिकडच्या त्या वर्षीच्या रिवाजाप्रमाणं गाडी घरावरून जाताना सगळी गल्ली आपापल्या फाटकाशी उभी राहिली. आबांनी कानटोपी काढून हातात धरली. कोपऱ्यावर दोन माणसं अंतर राखून, माना खाली घालून उभी होती.

"तो उंच ना, युअर मॅन, इथला खासदार," हृषीकेश तिकडच्या लकबीत कुजबुजला. "आणि शेजारचा, त्यानं पाडलेला."

आबांनी मान वर करून नीट पाहून घेतलं. मयताला असं पाहू नये, पण पाहिलं.

आठवड्यानं ब्रीजी भिंतीशी आली. विचारपूस झाली. आबांच्या पोटात राहिलं असतं तर ते आबा कसले? "ब्रीजीबाई, ते कोपऱ्यावरचे दोघं एकमेकांचे मित्र का?"

"छे! पाण्यात पाहतात एकमेकांना."

"मग एकत्र उभे?"

ब्रीजी आठवडाभरात पहिल्यांदा हसली. "मिनिस्टर, आमच्या बेटावर माझ्या बापाचं आणि शेजारच्या पॅडीचं हाडवैर. कारण दोघांनाही आठवत नव्हतं. पण वादळ यायचं झालं की होडी वाळूवर ओढायला दोघं लागायचे. बाप दारात उभा राहून खाकरायचा. पॅडी यायचा."

"काय बोलायचे?"

"एक अक्षर नाही. ओढायचे आणि आपापल्या घरी जायचे. बेटावर होडी एकच होती ना."

आबा घरात आले आणि चष्मा न पुसताच फोन लावला.

"कोण, भाऊ?" प्रल्हादचा आवाज आधी दचकला, मग गोड झाला. "आयर्लंडहून का? थंडी काय म्हणते? मी म्हणालोच होतो..."

"म्हणाला होतास. खरं झालं. हसून घे, मी थांबतो."

पलीकडं हसू आलंच नाही. आबांनी होडीचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. लक्षवेधी सूचना कशी लिहायची, तेही सांगितलं.

"आणि ऐक. मंत्री 'तपासून घेतो' म्हणतील आणि तुझ्याकडं बघून हसतील. मंत्री हसले की तू विरघळतोस. खाली बसायचं नाही. तारीख विचारायची."

"विचारतो. पण भाऊ, श्रेय..."

"तुझं."

"सगळं?"

"सगळं. मी नुसता खाकरतोय, तू ये म्हणजे झालं."

"खोकला आहे का? चाचणी करून घ्या बरं, भाऊ!"

लक्षवेधीच्या दिवशी मुंबईत सभागृह भरलं, तेव्हा एनिसला धड उजाडलंही नव्हतं. तिघं लॅपटॉपपुढं बसले. प्रल्हाद उठला, सूचना वाचली. मंत्री म्हणाले, "तपासून घेतो." आणि हसले. प्रल्हादही हसला. त्याचे गुडघे वाकू लागले.

"बसू नकोस रे!" आबा एवढ्यानं ओरडले की भिंतीपलीकडं ब्रीजीचा दिवा लागला.

सातासमुद्रापार तो आवाज गेला म्हणावं, तर कोण विश्वास ठेवणार? पण प्रल्हाद अर्धा वाकलेला सरळ झाला. "अध्यक्ष महोदय, तारीख सांगावी." हातातला कागद खाली ठेवला. "माझी बहीणही अशीच झोळीतून आणली होती. ती वाटेतच गेली. मला आज तारीख हवी आहे."

हे आबांनी सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं तो त्यांच्या चुलीपुढं भाकरी खात होता, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. मंत्र्यांचं हसू ओसरलं. महिनाअखेर होडी पाण्यात असेल, असं ते म्हणाले. उल्कानं हळूच बापाच्या पाठीवर हात ठेवला.

एप्रिलात फोटो आला. फीत, हार, भला मोठा फलक: 'होडीवाले आमदार प्रल्हादभाऊ गावित'.

"आबा, हा तर सरळ हक्कभंग आहे!" हृषीकेश तापला. "तुमचं नावसुद्धा चोरलं!"

आबांना लागलं नाही असं कोण म्हणेल? गालाची शीर उडालीच. मग त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. प्रल्हाद सरकला, फलक सरकला. मागं पाण्यात होडी होती, तिच्यात पाठमोऱ्या सुचित्राबाई आणि होडीमागं फेसाची पांढरी रेघ. इंजिन चालू होतं.

फोटो दाखवायला ते भिंतीशी गेले.

"तुला बोलावलं का रे त्यांनी?" ब्रीजीनं विचारलं.

"नाही."

"आभार?"

"नाही."

"ग्रँड," ब्रीजी म्हणाली, म्हणजे तिकडं 'ठीक आहे'. "पॅडीही कधी म्हणाला नाही."

तेवढ्यात फोन वाजला. प्रल्हाद. पलीकडून नुसतं खाकरणं.

"भाऊ, उंबरमाथ्याच्या रस्त्याचं... पुढच्या अधिवेशनात कसं मांडू?"

आबांनी फोनवर तळहात ठेवला आणि भिंतीवरून वाकून ब्रीजीला सांगितलं, "तो खाकरला."

"मग उभा काय राहिलास, मिनिस्टर?" ब्रीजी म्हणाली. "जा, ओढ."