दुपट्ट्याखाली ठरलेलं टेंडर

पांढरकवड्याची ती घटना आठवली की मला आधी हात आठवतात, चेहरे नंतर.

मी तेव्हा नवीन उपनिरीक्षक होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, बुजरी. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं जमत नसे, म्हणून हात बघायचे. कापसाचे वाईट दिवस होते. सरकारी खरेदी केंद्रांवरच्या कापूस वाहतुकीचा ठेका ज्याला मिळेल, त्याच्याच गाड्या त्या हंगामात चालणार होत्या.

एका ट्रकमालकाचं टेंडर व्यवसाय कर थकल्याचं सांगून बाद केलं होतं. तो नागपूरला हायकोर्टात गेला. कराचा वाद चालू असताना तेवढ्यावरून कुणाला बोलीबाहेर ठेवता येणार नाही, असा निकाल लागला आणि टेंडर पुन्हा निघालं. बोलीचे लिफाफे टाकायची मुदत संपली त्या दिवशी तो ठाण्यात आला. यवतमाळच्या वाटेवर जीप आडवी लावून आपला लिफाफा हिसकावला, अशी त्याची तक्रार होती. हिसकावणारा कोण, तेही सांगितलं: दुसऱ्या ठेकेदाराचा ड्रायव्हर.

जबरी चोरीचा गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हरला उचलून आणलं. "मी नाही केलं" यापलीकडे तो काही बोलेना. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून होती. त्याचा मालक मात्र फिरकला नाही, साधा फोनही नाही. सकाळी ड्रायव्हरला कोर्टात हजर करून पोलीस कोठडी मागायची, असा ठाणेदारसाहेबांचा आदेश होता.

मला ते पटत नव्हतं. लुटणाऱ्यानं फिर्यादीचा मोबाईल, पाकीट, काहीच नेलं नव्हतं. मी पुरवणी जबाबाला त्याला पुन्हा बोलावलं. रस्ता, जीप, वेळ, सगळं पाठ केल्यासारखं सांगत होता. मी सहज विचारलं, त्या ठेकेदाराशी कधी बोलणं झालं होतं का? नाही म्हणाला, पण तेवढ्यात त्याचा उजवा हात आपोआप खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली गेला. ठेकेदाराचं नाव निघालं की दर वेळी तेच.

बाहेर येऊन ठाण्यातल्या जुन्या हवालदारांना त्या हाताचं विचारलं. ते त्या ठेकेदाराच्याच गावचे, म्हणून माझा त्यांच्यावरही संशय होता. ते हसले.

"बैलबजारात सौदा तसाच होते मॅडम. दुपट्ट्याखाली बोटं दाबाची. तोंडानं कोनी काही बोलत नाही."

मी त्यांचा दुपट्टा मागितला. आत जाऊन तो टेबलावर पसरला आणि माझा हात खाली घातला.

"ठेकेदाराशी जे ठरलं, ते इथं सांगा. बोलू नका."

निर्दोष माणसानं विचारलं असतं, हे काय चाललंय? त्यानं टेबलावरचा हात मागं ओढून घेतला.

"तुमाले कोनं सांगतलं?"

मी हात दुपट्ट्याखाली तसाच ठेवला. मग तो हळूहळू बोलू लागला. लिफाफा त्यानं टाकलाच नव्हता. बाजारात सौदा झाला होता: यानं बोली लावायची नाही, बदल्यात निम्म्या फेऱ्या याच्या गाड्यांना. मुदत संपताच ठेकेदार फिरला. दुपट्ट्याखालच्या शब्दाला साक्षीदार नसतो, मग तक्रार कशाची करणार? म्हणून त्यानं लूट रचली. टेंडर रद्द झालं की पुन्हा बोली लावता येईल, हा हिशेब. ड्रायव्हरचं नाव घेतलं, कारण ठेकेदाराच्या माणसांपैकी तोच याच्या ओळखीचा.

"कोर्टात तर तुम्ही जिंकला होता," मी म्हणाले.

"कोर्ट नागपूरले हाये, मॅडम. मले राहाचं इथं हाये."

गुन्ह्यात 'ब' समरीचा अहवाल गेला, म्हणजे तक्रार खोटी. खोटी माहिती दिल्याची कारवाई त्याच्यावर झाली. दोघांच्या संगनमताचा अहवाल वर पाठवला आणि ते टेंडरही रद्द झालं. पुढच्या वेळी टेंडरच्या पेटीजवळ बंदोबस्ताला मीच होते. तीच मंडळी, खांद्यावर तेच दुपट्टे. कोर्टाच्या निकालानं दार सगळ्यांसाठी उघडलं होतं. आत कुणी जायचं, हे अजून बाहेरच ठरत होतं.

त्याआधी, ड्रायव्हरला सोडलं तेव्हा मी त्याला सौद्याचं सांगितलं होतं. त्याला नवल वाटलं नाही.

"मले ठावं होतं. साऱ्या बजाराले ठावं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

बायकोच्या हातातला डबा घेत तो म्हणाला, "बोललो असतो तं गाडी कोन देनार होतं मले?"

पुढं नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. त्यांना ओळखायला शिकले. पण खरं माहीत असून कोठडीत गप्प बसलेला माणूस समोर आला, की आधी विचारायचे: तुझा मालक कोण?