जकातवाली आणि 'खाट' नावाची चौकट

तुमच्या ऑफिसात इंटरनेटच्या दारावर कोण बसतं, माहीत आहे का तुम्हाला? गेटवरचा वॉचमन नव्हे, त्याला निदान तुम्ही मान तरी हलवता. प्रश्न आहे तो ज्याच्या नजरेखालून तुमचा प्रत्येक पासवर्ड जातो त्या माणसाचा. नाही ना माहीत? मग ऐका. एका मोठ्या रुग्णालयात त्या दारावर एक बाई बसते.

सगळं रुग्णालय तिला जकातवाली म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. नाक्यावर जसा गाडीतला माल उघडून बघतात, तशी आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक मागणी फायरवॉल नावाचं यंत्र उघडून बघतं, आणि काय बघायचं ते त्या यंत्राला ही बाई शिकवते. एक्स-रे विभागाच्या मागे तिची बिनखिडकीची खोली आहे. तिथला एसी यंत्रासाठी, माणसासाठी नाही, म्हणून बाई बारा महिने स्वेटरात. येताजाता डॉक्टर विचारतात, "ताप आहे का?" ती म्हणते, "तुमच्या सर्व्हरला येऊ नये म्हणून मी गारठतेय."

त्याआधी ती याच रुग्णालयात टेलिफोन बोर्डावर होती. तिथल्या थोरल्या बाईनं तिला पहिल्याच दिवशी दम भरला होता: जोडायचं, ऐकायचं नाही. कुणाचा बाप गेला, कुणाचा रिपोर्ट वाईट आला, कोणता डॉक्टर कुणाशी गुलूगुलू बोलतो, कानावर पडलं तरी ते तिथंच पुरायचं. पुढे बोर्ड मोडीत निघाला आणि हिला कॉम्प्युटर विभागात फायली उचलायला पाठवलं. हिनं फायली उचलल्या, पण इंजिनिअरांच्या खुर्चीमागे उभी राहून यंत्राची विद्याही उचलली. त्या यंत्राच्या परीक्षेला बसली तेव्हा घरी आई म्हणाली, "तुझ्या वयाच्या बायका नातवंडं खेळवतात."

"खेळवू देत की. मला फायरवॉल रडवतेय, तिला गप्प करू दे आधी."

पहिल्या झटक्यात नापास झाली. दुसऱ्यांदा बसली आणि पास झाली. निकालाचा कागद तिनं बोर्डाच्या रिकाम्या खोलीत नेऊन भिंतीला चिकटवला. अशी बाई.

तर एक दिवस तिच्या दारात शस्त्रक्रिया विभागाच्या मोठ्या सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. अख्खा वॉर्ड ज्यांच्या आवाजानं सरळ होतो त्या सिस्टर, आणि आज कुजबुजत बोलत होत्या. औषधांच्या नव्या वेबसाइटवर त्यांच्या नावानं कुणीतरी लॉगिन केलं होतं आणि गुंगीच्या इंजेक्शनांची पेटी मागवली होती. पेटी गायब. चौकशी समितीनं एकच प्रश्न लावून धरला होता: पासवर्ड तुमचा, तो तुम्हालाच ठाऊक, मग मागवणार कोण, भूत? पुढच्या बैठकीत निर्णय होता. नोकरी जाणार आणि वर चोरीचा शिक्का.

"ताई, मी तो कुणालाही दिला नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "पोरींनासुद्धा नाही. तुमच्या यंत्राला काही दिसतं का बघा."

"बसा. आधी पाणी प्या. मग बघू."

आता हे यंत्र काय करतं ते समजून घ्या, फार अवघड नाही. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकून बटण दाबता तेव्हा एक मागणी निघते. तिच्यात चौकटी असतात, प्रत्येक चौकटीला वेबसाइट बनवणाऱ्यानं दिलेलं नाव असतं. फायरवॉल ती मागणी तपासते, तिची नोंद ठेवते, आणि पासवर्डच्या चौकटीवर काळं फासून मगच नोंदीत लिहिते. पण ती चौकट पासवर्डची, हे तिला कळतं कशावरून? नावावरून. पासवर्ड, पास, पिन अशी ठरावीक नावं तिला पढवलेली असतात.

जकातवालीनं सिस्टरच्या लॉगिनची नोंद उघडली. एका चौकटीचं नाव 'वॉर्ड', दुसरीचं 'खाट'. रुग्णालयच ते, कुणाला संशय येणार? पण खाटेला आकडा असतो. इथे आकडा नव्हता. एक शब्द होता, घरातला, मायेचा. तो काय होता ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. तिनं स्क्रीन बंद केला. पासवर्ड उघडानागडा नोंदीत पडला होता. सिस्टरचा एकटीचा नाही, त्या वेबसाइटवर येणाऱ्या प्रत्येकाचा.

तिनं वेबसाइट बनवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला. गडी खूश झाला.

"खाट ना? ती माझी आयडिया. चोरानं मागणी पकडली तरी त्याला वाटणार, खाटेचा नंबर आहे. डोकं लागतं बाई त्याला."

"चोर फसला की नाही देव जाणे. माझी फायरवॉल मात्र फसली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं डोकं सांभाळून ठेवा. लागेल लवकरच."

नोंद कोण उघडून वाचतं याचीही नोंद असते. ती काढल्यावर कळलं की पेटी मागवली गेली त्याच्या आदल्या दिवशी औषध कोठीच्या ऑफिसातून कुणीतरी सिस्टरच्या लॉगिनची नोंद वाचली होती. कोठीवाल्यांना ती वाचायची मुभा कशी? तिच्याच कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी दिलेली. काही अडलं की सारखे फोन नकोत, त्यांचं त्यांनाच बघू दे, म्हणून.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकलं, दार लावलं, आणि आवाज खाली आणला.

"दुरुस्त करून टाका. गाजावाजा नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकलेली असती तर प्रश्नच नव्हता, साहेब. आपली मूठ उघडी होती. दमडीची झाली."

"आणि हे यंत्र तपासून ताब्यात घेतलं कुणी? सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

"मग मीच सांगायला हवं. दुसऱ्यानं सांगितलं तर चहाडी होईल."

साहेबांनी हात जोडले. "बाई, तुमची नोकरी जाईल. माझीही. एका सिस्टरसाठी?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोरी आपल्या विभागानं पुरवायची? माझ्याच्यानं नाही होणार."

त्या संध्याकाळी घरी तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं ताटावरून मान वर न करता विचारलं, "हाकललं तर काय करशील?"

"बसेन घरी. नातवंडं तर नाहीत. तुला खेळवीन."

"मला नको. तू बैठकीला जा," म्हातारी म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

बैठकीत अधीक्षकबाई, दोन डॉक्टर, साहेब आणि कोपऱ्यात मान खाली घातलेल्या सिस्टर. जकातवाली उभी राहिली. स्वेटरसकट.

"पासवर्ड सिस्टरनी दिला नाही. आमच्या यंत्रानं दिला. ज्यांना नोंद वाचायची मुभा होती त्या प्रत्येकाला तो दिसत होता. यंत्र मी ताब्यात घेतलं, तेव्हा मी नावांवर भरवसा ठेवला. काय शिक्षा ती मला द्या. पण आधी त्यांना वर बघायला सांगा."

अधीक्षकबाईंनी कागद मागितले. कागद होतेच. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमची पाळी सकाळची आहे ना? उद्या या."

चोर पुढे कोठीतच सापडला, त्याच्यावर शाई घालवायची गरज नाही. साहेबांनी दिलेल्या सगळ्या मुभा काढून घेतल्या गेल्या. जकातवालीला मेमो मिळाला आणि त्या वर्षीची बढती गेली. ती गुरगुरली, मेमोवर सही केली आणि कामाला लागली.

कारण काम राहिलंच होतं. तिनं यंत्राला नवं वळण लावलं: नाव विचारू नकोस, वागणं बघ. पान उघडताना ज्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके उमटतात ती आधी हेरून ठेव, मग तिथून जे येईल ते पासवर्ड समज आणि झाक, तिचं नाव खाट असो नाहीतर खुर्ची. मग रुग्णालयाच्या एकेका वेबसाइटवर तिनं मुद्दाम खोटे पासवर्ड टाकून पाहिले. गेटपासची वेबसाइट आली तेव्हा तिला हसू फुटलं. तिथल्या चौकटीचं नाव 'पास', म्हणून यंत्र इतकी वर्षं नोंदीतले गेटपासचे आकडे काळे करत होतं आणि ते शोधायला आलेले वॉचमन बोंबलत होते. झाकायचं ते उघडं, उघडं ठेवायचं ते झाकलेलं. अगदी माणसांसारखंच.

सगळं झाल्यावर तिनं सिस्टरना पासवर्ड बदलायला सांगितलं. सिस्टरनी विचारलं, "तुम्ही जुना वाचलात का हो?"

"बोर्डावरची बाई आहे मी. जोडते, ऐकत नाही."

सिस्टरना काय समजायचं ते समजलं. त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बढती गेलेली ही बाई आजही त्या गार खोलीत ताठ मानेनं बसते, आणि तिच्यासारखी माणसं आपल्यात आहेत याचा अभिमान छाती फुगवून मिरवावा असा आहे. पण प्रत्येक चौकशीला जकातवाली हजर नसते. म्हणून मागणं तुमच्याकडे: तुमच्या ऑफिसात कुणाला उभं करून "पासवर्ड तुझाच ना?" असं दरडावलं गेलं, तर खाली मान घालून बसू नका. हात वर करा आणि सगळ्यांसमोर विचारा, ती नोंद आणखी कोणकोण वाचू शकत होतं?